रोजच्या स्केचिंगमधे माध्यमं मिसळावीत की वर्षभर एकाच पेन्सिलीला धरून राहावं?

तलावपाळीकर (ठाणे)

गेल्या जूनपासून रोज एक पान काढतोय, एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन. पहिले सात महिने फक्त २बी पेन्सिल, कारण ज्याला विचारावं तो हेच सांगतो, आधी हात बसू दे मग रंगाला हात लाव. हात बसला, ते खरं आहे. ठाणे-नेरूळ लोकलमधे समोर डुलक्या घेणारा माणूस आता घणसोली यायच्या आत कागदावर उतरतो. पण जानेवारीत सगळी पानं उलटून बघितली तर सगळी एकसारखी, राखाडी, आणि रोजचं पान म्हणजे मस्टरवर सही केल्यासारखं व्हायला लागलं होतं.

एका रात्री लाईट गेली होती, टेबलावर मेणबत्तीचा तुकडा पडलेला, तो असाच पानावर आडवा घासला. पांढऱ्यावर पांढरं, काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मासुंदा तलावाच्या कठड्याशी बसून त्याच पानावर पाणी घातलेली काळी शाई ब्रशने ओढली आणि जिथे मेण होतं तिथून शाई मागे सरकली, बारीक बारीक थेंब होऊन बाजूला झाली, आणि पाण्यात पडलेले दिवे असतात ना, उभे, तुटक, हलणारे, ते समोर आले. तेच दिवे मी सात महिने खोडरबराने काढायचा प्रयत्न करत होतो!

तेव्हापासून मेणखडू, बॉलपेन, पोस्टर कलर, पेपरची कात्रणं सगळं चालू आहे. माझं म्हणणं सरळ आहे, मिसळामिसळ पहिल्या महिन्यापासूनच करावी. पेन्सिलीत आपण काळं वाढवत जातो, मेणात मात्र उजेड कुठे ठेवायचा ते सगळ्यात आधी ठरवावं लागतं. म्हणजे बघण्याची सवयच उलटी होते, आणि ती एका माध्यमात राहून झाली नसती.

वाशीचे ड्रॉइंग सर

तलावपाळीकर, तुमची चिकाटी आवडली पण सल्ला पटला नाही, आणि नवीन मुलं हे वाचणार म्हणून सविस्तर लिहितो. मी वीस वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेतोय. मागच्या महिन्यात एका मुलीने घरून वस्तुचित्र काढून आणलं, स्टीलचा लोटा आणि दोन लिंबं. लांबून बघाल तर वा म्हणाल, ऑइल पेस्टलची जाड पिवळी, वरून पांढऱ्या जेल पेनची चमक. जवळ जाऊन लोट्याच्या तोंडावरून बोट फिरवलं तर लंबगोल एका बाजूला घसरलेला, दोन्ही टोकं बदामासारखी टोकदार, आणि बुड सपाट. तिला ते दिसलंच नव्हतं, कारण पेस्टलच्या जाडीखाली रेषा गेली की चूक पण गेली. तिला म्हटलं फक्त पेन्सिलने काढ, तर तिसऱ्या मिनिटाला स्वतःच म्हणाली सर हे वाकडं झालंय.

माझा मुद्दा एवढाच आहे. पेन्सिल चूक झाकत नाही. रोजचा सराव चुका दिसाव्यात म्हणून असतो, रोज नवीन सामान आणलं तर रोज नवीन इफेक्ट मिळतो आणि माणसाला वाटतं आपण पुढे चाललोय. तुम्हाला दिवे सापडले कारण आधी सात महिने तुम्ही ते बघत बसला होतात. मेणबत्तीला श्रेय देताय, ते त्या सात महिन्यांना द्या.

खाडीकाठची (नेरूळ)

सर, नमस्कार, पण मी तलावपाळीकरांच्या बाजूने. फ्लेमिंगो असतात तेव्हा मी सकाळी पाणथळीवर जाते. पेन्सिलने पक्ष्याची मान पकडता येते हो, पण ओहोटीला उघडा पडलेला तो चिखल, त्यावरचा पाण्याचा पातळ चकाकता थर आणि मधेच गुलाबी, हे शेडिंगमधे सगळं एकच होऊन जातं. मी आता आधी पातळ वॉटरकलरचा करडा हात मारते, वाळला की वरून ऑइल पेस्टल, तेही तीनच रंग. माझी रेषा यामुळे बिघडली नाही उलट कमी झाली, आता पाच रेषांत पक्षी उभा राहतो कारण बाकीचं काम रंग करतो.

कागदवेडा (कळवा)

दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहतेय, काय कशावर बसतं ते. मिसळायचं तर खुशाल मिसळा पण पाण्याचं आधी आणि तेलकट-मेणाचं नंतर. उलटं केलं तर पाणी बसणारच नाही, ते मुद्दाम हवं असेल तरच मेण आधी. ग्राफाइटच्या, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाच्या, गुळगुळीत थरावर चारकोल धरत नाही, म्हणून चारकोल आधी. मेणखडूवर अल्कोहोल मार्कर फिरवला तर निब मेणाने भरतो, माझे दोन मार्कर असे गेले, आणि स्वस्त नसतात ते. शेलॅकवाली, म्हणजे लाख घातलेली, इंडियन इंक फाउंटन पेनमधे चुकूनही भरू नका, आत वाळली की पेन संपला. आणि झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) पातळ कागद पाण्याचा एक हात पण सोसत नाही, लगेच लाटा येतात. वॉटरकलरचा ३०० जीएसएम रोज वापरणं खिशाला परवडत नाही, तर मी मोठा शीट आणून आठ तुकडे करतो. रोजचं पान पोस्टकार्डाएवढं असलं तरी चालतं की.

तलावपाळीकर

सर, इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं उदाहरण देतो. १९४० मधे लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्री भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत झोपायचे, त्या झोपलेल्या माणसांची त्याने चित्रं केली, मेणखडू, वरून वॉटरकलर, वरून शाईची रेषा. मेणावरून रंग ओघळून जातो आणि अंगावरची चादर दगडासारखी दिसते. नुसत्या पेन्सिलीत ते आलं असतं असं मला वाटत नाही. मी पण ट्रेनमधली झोपलेली माणसंच काढतो म्हणून ती चित्रं मला इतकी जवळची.

वाशीचे ड्रॉइंग सर

चांगलं उदाहरण दिलंत आणि तेच माझ्या बाजूने आहे. मूरचा जन्म १८९८ चा, म्हणजे तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधे शिकून, तिथेच शिकवून, वर्षानुवर्षं समोर मॉडेल बसवून ड्रॉइंग करून झालेलं होतं. त्या चादरीखाली गुडघा कुठे आहे ते त्याला माहीत होतं. माझ्या विद्यार्थ्याला माहीत नाही. फरक तिथे आहे.

पुन्हा सुरुवात (ऐरोली)

मी कधी लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. सर, तुमच्यासारखंच सांगणारे शिक्षक मला होते, मनापासून शिकवायचे. वर्षभर लोटा, पेला, घन. इंटरमिजिएटला बी ग्रेड मिळाली आणि त्या दिवसापासून सोळा वर्षं मी एक रेघ काढली नाही, कारण माझ्या डोक्यात चित्र म्हणजे चूक शोधणे एवढंच राहिलं होतं. मागच्या वर्षी मुलीच्या दप्तरातले तुटके मेणखडू आवरताना एक हातात राहिला आणि गॅसवर चहा उकळेपर्यंत मी किटलीच काढून टाकली, जांभळी. चुकीची होती, झाकण एकीकडे तोंड एकीकडे. पण दुसऱ्या दिवशी परत काढावीशी वाटली. रोजच्या सरावात हे परत बसावंसं वाटणंच सगळ्यात नाजूक असतं हो, लंबगोल नंतर पण सुधारता येतो. माझा आता सुधारतोय, पेन्सिल मीच आणली स्वतःहून.

वाशीचे ड्रॉइंग सर

ताई, तुमचं दोनदा वाचलं. सोळा वर्षं फार झाली, वाईट वाटलं. लहान मुलांना पहिले काही महिने मोकळं सोडावं हे मान्य करतो, आणि मेणात उजेड आधी ठरवावा लागतो हा तलावपाळीकरांचा मुद्दाही बरोबर आहे, तो मी वर्गात वापरणार. पण ज्याला नीट शिकायचंय त्याने शंभर दिवस एकच पेन्सिल, यावरून मी हलणार नाही.

तलावपाळीकर

आणि मी पहिल्या महिन्यावरून हलणार नाही सर. त्याच कठड्यावर बसून पुढचा महिनाभर एक दिवस नुसती पेन्सिल आणि एक दिवस मिश्र असं करतो, सगळी पानं इथे टाकतो, वाईट आलेली पण. तुम्ही लंबगोल तपासा.

खाडीकाठची

टाका नक्की. कागदवेडा, एक विचारायचं होतं, पावसाळ्यात माझी पेस्टलची पानं एकमेकांना चिकटतात, मागच्या जुलैत चार गेली.

कागदवेडा

ऑइल पेस्टल पूर्ण वाळतच नाही कधी, त्यामुळे वही बंद केली की दाबाने समोरच्या पानावर उतरणारच. मधे बटर पेपर घाला, केकवाल्यांच्या सामानाच्या दुकानात रोल मिळतो. आणि वही भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, ओल धरते, बुरशीचे ठिपके आले की कागद गेलाच.