खिडकीवर टकटक: 'सेलम्स लॉट' तुम्हाला पहिल्यांदा कुठे भेटलं?

काल रात्री एकदाचा नवा 'सेलम्स लॉट' बघितला. २०२४ चा, गॅरी डॉबरमनचा. आधी थिएटरला येणार होता, मग लांबत लांबत शेवटी अमेरिकेत थेट मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेवर आला. अगदीच वाईट नाहीये, पण अर्ध्यात लक्षात आलं की मी पिक्चर बघतच नाहीये, ती खिडकी कधी येते त्याची वाट बघत बसलेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मूळ स्टीफन किंगची व्हॅम्पायरची कादंबरी. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं बारकं गाव, टेकडीवरचं मार्स्टन हाउस, लहानपणी गावात राहिलेला आणि आता परत आलेला लेखक बेन मिअर्स, आणि अँटिकचं दुकान टाकणारे दोन पार्टनर, त्यातला एक कुणाला दिसतच नाही.

तर अनुभव टाका. समीक्षा नको. कुठे वाचलंत-बघितलंत, घरात कोण होतं, किती रात्री दिवा चालू ठेवून झोपलात ते लिहा.

---

मला किंग नंतर भेटला, आधी आपले नारायण धारप. सातवी की आठवीची मे महिन्याची सुट्टी, आजोळी, लायब्ररीतून आणलेली 'लुचाई', पुठ्ठा निघालेला आणि आतली दोन पानं कुणीतरी फाडलेली. दुपारी वाचायला घेतली म्हणून वाटलं काय होतंय, पण पुस्तक काही संध्याकाळपर्यंत संपेना आणि आजोळचा संडास परसात. मामाला दारापर्यंत सोबत नेलं, मामा अजून लग्नकार्यात तो किस्सा सांगतो.

मग इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर 'सेलम्स लॉट' वाचताना पन्नासेक पानांत डोक्यात घंटी वाजली, अरे हे गाव मी बघितलंय! 'लुचाई' यावरूनच बेतलेली. तेव्हा धारपांचा राग आला होता, आपल्याला फसवलं असं वाटलं. आता नाही येत. तसं बघितलं तर किंगनेही ड्रॅक्युलाच उचललाय की, तो शाळेत शिकवायचा ड्रॅक्युला, त्यावरून सुचलं की हा आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल. आणि खरं सांगू का, घाबरलो मी मराठीतच जास्त. इंग्रजीत अर्थ लावेपर्यंत भीती निघून जायची.

---

१९७९ वालं. टोबी हूपरचं. मुळात टीव्हीवरची दोन भागांची सिरीज, पण आमच्या डोंबिवलीत आली ती कापून पिक्चर केलेली व्हिडिओ कॅसेट. चुलतभावाने व्हीसीआर भाड्याने आणला होता, रात्रभराचे पैसे दिलेत म्हणून चार कॅसेटी उरकायच्या, ही तिसरी. धुक्यात तरंगत येणारा तो पोरगा, काचेवर नखं घासतो आणि हसतो. बस्स. आम्ही पाच पोरं एका चादरीत.

पुढे कुठेतरी वाचलं की त्याला तारांनी लटकवलं नव्हतं, क्रेनवर बांधून शूट केलं आणि फिल्म उलटी चालवली, म्हणून ते धुरकट काहीतरी विचित्रच हलतं. कळलं म्हणून भीती गेली का, नै. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि बाहेर पेरूचं झाड होतं, पुढचं समजून घ्या.

नव्यात खिडकी आहे, पण येते आणि जाते. आणि ते क्रॉस काय ट्यूबलाइटसारखे पेटतात, काहीही हां.

---

२००४ च्या, रॉब लो हा नट असलेल्या सिरीजला कुणीच विचारत नाही का? त्यातलं मेन राज्य म्हणजे आमचं ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया, क्रेझविक वगैरे भागात शूट झालंय. मेलबर्नहून एका वीकेंडला गेलो होतो. नवऱ्याला सांगितलं नव्हतं का जातोय. छान कॉफी मिळाली.

---

वरच्यांशी असहमत. मला नवा आवडला. ती दोन भावंडं संध्याकाळी जंगलातून चाललीयेत, नुसत्या काळ्या आकृत्या, मागे रंगीत आकाश, लहान मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकातल्या चित्रासारखं, तो शॉट मी तीनदा मागे घेऊन बघितला. आणि ड्राइव्ह-इन थिएटरचा शेवट पुस्तकात नाहीच, पण व्हॅम्पायर गाड्यांच्या डिक्क्यांत झोपतात ही आयडिया भारी आहे. लेकाबरोबर बघत होतो, वय चौदा, तो म्हणे बाबा हे झॉम्बीच आहेत फक्त. तिथे मात्र मला उत्तर सुचेना. कारण पुस्तकात आधी कोण कुणाशी भांडतं, कोण दारू पितो, दूध कोण टाकतं हे सगळं कळतं, आणि मग एक-एक घराचे पडदे दिवसासुद्धा बंद राहायला लागतात. इथे दोन तासांच्या आत सगळं उरकायचंय, मग ओळख व्हायच्या आधीच माणसं संपतात. तरी बिल कॅम्पचा मास्तर झकास.

---

मी पिक्चर एकही बघितला नाही, पुस्तक वाचलंय. त्यात ते व्हॅम्पायर आत बोलावल्याशिवाय येऊ शकत नाहीत ना, तिथे मला आमची आजी आठवली. मालवणकडची. रात्री कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तीन हाका होऊ द्यायच्या, ते तिसरी हाक मारत नाही. एकदा बाबा शेवटच्या एसटीने आले, पावसात उभे, दोनदा ओरडले आणि आम्ही सगळे आत गप्प. तिसऱ्यांदा त्यांनी अशी शिवी दिली की आजी म्हणाली, उघडा, आपलाच आहे.

---

धागाकर्ती परत आलेय. आजी जिंकली, विषय संपला. पेरूच्या झाडवाल्या दादा, तुमच्यामुळे आत्ता उठून बेडरूमची खिडकी लावून आले. सातवा मजला आहे, झाडबिड काही नाही. तरीपण.