हजरत उमर आणि न वाटलेली जमीन

सवाद:
इस्लामचे दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांचा विषय निघाला की ठिगळांचा अंगरखा आणि मदिनेतली रात्रीची गस्त, एवढ्यावरच आपण थांबतो. या गोष्टी मीही लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्यांचं खरं मोठेपण मला एका जमिनीच्या वादात दिसतं.

637 च्या सुमारास इराणच्या सासानी साम्राज्याविरुद्धची कादिसियाची लढाई आणि त्यांची राजधानी मदाईन जिंकल्यावर दक्षिण इराकची सगळी गाळाची जमीन मुस्लिम फौजेच्या हाती आली. वाळवंटातून येणाऱ्या अरबांना तिथली दाट हिरवळ लांबून काळी दिसायची, म्हणून तिचं नाव 'सवाद', काळी. सैनिक म्हणाले, पाचवा हिस्सा खजिन्यासाठी काढा आणि बाकीची आम्हाला वाटून द्या. कुरआनातल्या सूरह अनफालचा, म्हणजे युद्धातल्या लुटीबद्दलच्या अध्यायाचा, आधार होता. स्वतः पैगंबरांनी (स.) खैबरची जमीन वाटली होती.

उमर नाही म्हणाले. आज वाटली तर उद्या जन्मणाऱ्यांना काय उरणार? सरहद्दीवरच्या फौजा कशावर पोसायच्या? जमीन कसणाऱ्यांकडेच राहील, त्यांनी खराज म्हणजे जमिनीचा सारा भरावा, तो सर्वांच्या कामी येईल. त्यांनी सूरह हश्रमधल्या 'त्यांच्यानंतर आलेल्यां'च्या आयतीवर (वचनावर) बोट ठेवलं.

आणि समोर कोण उभं होतं? हजरत बिलाल! गुलामीत इस्लामसाठी छळ सोसलेले, ज्यांना उमर 'आमचे सरदार' म्हणायचे, तेच बिलाल वाटणीसाठी सर्वांत जास्त अडून बसले. शेवटी उमर यांनी दुआ केली, 'अल्लाह, बिलाल आणि त्यांच्या साथीदारांपासून मला सांभाळ.' परक्याला नाही म्हणणं सोपं असतं. इतक्या जवळच्या, इतक्या सोसलेल्या माणसाला, अजून न जन्मलेल्यांसाठी नाही म्हणणं, यालाच मी सद्गुण म्हणतो.

हिशेबी:
तुमची श्रद्धा समजते, पण सहमत नाही. रक्त सांडलं त्यांचा हक्क लिखित होता, आणि पैगंबरांचा पायंडाही होता. राज्यकर्त्याने भविष्याचं कारण सांगून हातातला हक्क काढून घ्यायचा, हे तत्त्व मला भीतीदायक वाटतं. चांगल्या माणसाच्या हातात ते शोभलं. पुढच्यांच्या हातात? इमाम शाफई यांचं मतही असंच आहे की अशी जमीन वाटायची असते, सैनिकांनी खुशीने सोडली तरच ती राखता येते. बिलाल यांना हट्टी ठरवू नका, ते कायद्याच्या बाजूने बोलत होते.

कलमदान:
हिशेबी, अर्धंच सांगितलंत. इमाम अबू हनीफा यांच्या मते वाटायची की ठेवायची हे राज्यकर्त्याने ठरवायचं, आणि इमाम मालिक तर ती आपोआप सर्वांची होते असं मानतात. शिवाय उमर यांनी हुकूम काढून विषय संपवला नाही. कित्येक दिवस वाद चालला. अब्दुर्रहमान बिन औफ आणि जुबैर वाटणीच्या बाजूने होते. अली, उस्मान, तलहा विरुद्ध. मग औस आणि खजरज या अन्सारांच्या (पैगंबरांच्या मदिनावासी साथीदारांच्या) दोन कबिल्यांतून पाच-पाच जाणते बोलावून त्यांच्यापुढे उमर यांनी आपली बाजू मांडली. सत्ता हातात असलेला माणूस बाजू मांडतो, हे लहान नाही.

नांगरट:
दोन्ही बाजू सैनिकांविषयी आणि खजिन्याविषयी बोलताहेत. कसणाऱ्यांना कोणी विचारलं? आधी सासानी राजाला सारा भरत होते, आता मदिनेला. उस्मान बिन हुनैफ यांना मोजणीला पाठवलं आणि 3 कोटी 60 लाख जरीब (जमीन मोजण्याचं तेव्हाचं माप) भरल्याचं नोंदलंय. वर जिझिया, म्हणजे बिगर-मुस्लिमांवरचा डोईकर, ऐपतीप्रमाणे वर्षाला 48, 24 किंवा 12 दिरहम. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. मोजणीदार बांधावर आला की घरात काय शांतता पसरते, ते मला माहीत आहे.

सवाद:
नांगरट, तुमचा मुद्दा मनाला लागला. त्यांना विचारलं नाही, हे खरं. पण 644 मध्ये खंजिराचे वार होण्याच्या जेमतेम चार दिवस आधी उमर यांनी त्याच उस्मान बिन हुनैफ आणि हुजैफा यांना उभं करून विचारलं होतं, 'जमिनीवर तिला पेलणार नाही एवढा भार तर टाकला नाहीत ना?' दोघे नाही म्हणाले, तरी पुन्हा बजावलं, नीट पाहा. आणि म्हणाले, अल्लाहने राखलं तर इराकच्या विधवांना माझ्यानंतर कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, असं करून ठेवीन. जमीन कुळांकडे राहिली. वाटली असती तर ती नव्या मालकांच्या हाताखाली गेली असती.

हिशेबी:
पण त्या खराजाचं पुढे काय झालं? 'दिवाण', म्हणजे वर्षासनांची नोंदवही, तयार झाला आणि वर्षासने दर्जाप्रमाणे बांधली गेली: सुरुवातीच्या बद्रच्या लढाईत लढलेल्यांना जास्त, नंतर आलेल्यांना कमी. आधीचे खलिफा हजरत अबू बक्र सगळ्यांना सारखं द्यायचे. 'नंतर आलेल्यां'साठी जमीन राखली आणि त्यांनाच कमी दिलं, ही विसंगती मला सुटत नाही. स्वतःच्या मुलाला पैगंबरांच्या लाडक्या उसामांपेक्षा कमी दिलं, ते मात्र मनापासून मानतो.

कलमदान:
ही विसंगती त्यांनाही जाणवली असावी. पुढच्या वर्षी सगळ्यांना एका पातळीवर आणीन, असं ते शेवटी म्हणाल्याची रिवायत (परंपरेने आलेली नोंद) आहे. ते वर्ष त्यांना मिळालं नाही.

आणि खुशीने सोडण्याबद्दल: बजीला कबिल्याला सवादचा चौथा हिस्सा आधी मिळाला होता, तो उमर यांनी परत मागितला. सगळे राजी झाले, उम्मे कुर्झ नावाची एक बाई सोडून. म्हणाली, माझा बाप गेला, त्याचा वाटा पक्का आहे. लाल झूल घातलेली शांत स्वभावाची सांडणी द्या आणि माझी ओंजळ सोन्याने भरा, तरच सोडेन. उमर यांनी सांडणी दिली, झूल दिली. ओंजळीत ऐंशीएक दीनार मावले.