चेहरा नवा, नाव जुनं : मालिकेतला माणूस बदलला तेव्हा तुमच्या घरी काय झालं?

कढीपत्ता

जानेवारी 2025. आमच्याकडे 'प्रेमाची गोष्ट' लागली होती आणि आई पानं वाढत होती. पडद्यावर मुक्ता आली. आई आमटीचा डाव हातात धरून थांबली. "ही कोण?"
"मुक्ता."
"मुक्ता मला माहितीये. ही कोण?"

तेजश्री प्रधानने मालिका सोडल्याचं मी मोबाईलवर वाचलं होतं, आईला सांगायचं राहून गेलं. तिच्या जागी आलेल्या स्वरदा ठिगळेला आईने पुढच्या मिनिटाला ओळखलं. "ही तर ताराराणी! तलवार ठेवून दातांचा दवाखाना काढला होय?" पण खरा राग सागरवर. नवरा, सासू, ती लहानगी सई, कुणाच्याच चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "अरे, नवऱ्याला तरी कळायला नको?"

पुढचे पंधरा दिवस आईने मालिका 'बंद' केली. म्हणजे टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडत ऐकली. मग एका रात्री मी उशिरा आलो, तर म्हणाली, "आज मुक्ताचं फार वाईट वाटलं रे." ती, नवी, ताराराणी यातलं काही नाही. मुक्ता. मी काही बोललो नाही, बोललो असतो तर परत मागे गेली असती.

माझं मात्र अजून जमलेलं नाही. पुढे ऑगस्टमध्ये 'वीण दोघांतली ही तुटेना' सुरू झाली, तेव्हा तेजश्रीला बघून मीच ओरडलो, "आई, मुक्ता आली!"

तर धागा एवढ्यासाठीच. तुमच्या घरी नव्या माणसाला जुन्या नावाने हाक कधी मारली गेली? की मारलीच गेली नाही?

जुनं खोड

तुम्ही लोक पंधरा दिवसांचं काय सांगता! आम्ही मिहीर पचवलाय. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' जुलै 2000 मध्ये सुरू झाली. मी तेव्हा डोंबिवलीच्या चाळीत, बारावीला. रात्री साडेदहाला अभ्यासाचं पुस्तक मांडीवर आणि कान भिंतीपलीकडे. अमर उपाध्यायचा मिहीर मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी नळावर दुसरा विषय नव्हता, पाणी गेलं तरी बायका हलेनात. लोकांनी एवढा गिल्ला केला की वाहिनीला त्याला जिवंत करावं लागलं. आणि एवढं करून पुढे अमर उपाध्यायच गेला! मग इंदर कुमार आला, तो इतका थोडा वेळ की अर्ध्या लोकांना आठवतही नाही. मग रोनित रॉय. आमच्या मजल्यावर त्याला बरेच महिने 'मोठा मिहीर' म्हणायचे, जणू हा आधीच्याचा थोरला भाऊ. त्या खर्जातल्या आवाजाने हळूहळू 'मोठा' गळून पडलं.

2007 मध्ये तुळशीच बदलली. स्मृती इराणीच्या जागी गौतमी कपूर, म्हणजे आपली गौतमी गाडगीळ. आई तिची बाजू घेऊन भांडायची, मराठी मुलगी ना. पण तुळशी कधी म्हणाली नाही. "आज गाडगीळ फार रडली," असं. स्मृती परत आल्यावर गाडगीळला निरोप दिला, तोही प्रेमाने.

खरी गंमत पुढेच आहे. 29 जुलै 2025 ला ही मालिका नव्याने सुरू झाली, त्यात मिहीर म्हणून परत अमर उपाध्याय. ज्याच्यासाठी आम्ही एवढं रडलो तो पहिला, अस्सल मिहीर. आणि मला तोच उपरा वाटला! बायकोला म्हटलं, "हा नाही गं मिहीर."

पोळपाट

'आई कुठे काय करते'मध्ये लॉकडाऊननंतर दीपाली पानसरेच्या जागी रुपाली भोसले आली. पहिल्या दिवशी आम्ही शिव्या नवीला दिल्या, दुसऱ्या दिवसापासून संजनाला. खलनायिका बदलली तर सोपं जातं हो, राग आयता तयार असतो.

बारामतीची सून

पोळपाटताई, सोपं जातं? माझ्या सासूबाईंना विचारा.

आमचं कुळदैवत खंडोबा. 'जय मल्हार' होती तेव्हा संध्याकाळी सातला देवापुढे उदबत्ती आणि मग टीव्ही, हा क्रम मोडला नाही. ईशा केसकरची बानू पडद्यावर आली की सासूबाई पदर सावरून बसायच्या. पाय पसरून बसलेल्या असल्या तर जवळ घ्यायच्या.

त्यानंतरचा आमचा नेम आठचा, 'माझ्या नवऱ्याची बायको'. शनायाला नावं ठेवणं हा घरचा सामुदायिक कार्यक्रम होता. रसिका सुनीलच्या नाक उडवण्यावर सासूबाई ज्या ठेवणीतल्या शिव्या काढायच्या, त्या मी माहेरी कधी ऐकल्या नव्हत्या. 2018 मध्ये रसिका शिकायला अमेरिकेला गेली आणि नवी शनाया म्हणून आली कोण? ईशा केसकर!

पहिल्या दिवशी सासूबाई गप्प. शनायाने गुरुनाथच्या बायकोचा, राधिकाचा पाणउतारा केला, तरी गप्प. मी मुद्दाम म्हटलं, "बघा कशी भवानी आहे." तर माझ्यावरच डाफरल्या, "तोंड सांभाळ. बानूबाई आहे ती."

पुढे त्यांनी वाटच काढली. सगळे शिव्याशाप गुरुनाथला. शनाया काहीही करो, "त्या मेल्यानंच बिघडवली." 2020 मध्ये रसिका परत आली, तेव्हा सासूबाईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका. दोन वर्षांचं साठलेलं पहिल्याच भागात बाहेर आलं.

जुनं खोड

बारामतीकर, तुमच्या सासूबाईंना साष्टांग नमस्कार.

कार्डिफकर

इथल्या लोकांनी यावर फार पूर्वी तोडगा काढलाय. बीबीसीची 'डॉक्टर हू' 1963 पासूनची. 1966 मध्ये नायक विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा ठरवलं की हा परग्रहावरचा माणूस मरायला टेकला की अख्खं शरीर बदलतो. झालं, पॅट्रिक ट्रॉटन आले. माणूस बदलला हे लपवायचंच नाही, तीच गोष्ट करायची. म्हणून इथे ऑफिसात "तुझा डॉक्टर कोणता?" असं विचारतात, आपल्याकडे गाव विचारतात तसं.

पण लेकीला हे सांगून काय उपयोग? 1 जानेवारी 2010, डेव्हिड टेनंट गेला आणि मॅट स्मिथ झाला. सात वर्षांची पोर, नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी उशीत तोंड खुपसून. एप्रिलमध्ये त्याचा पहिला पूर्ण भाग आला. नव्या शरीराला काय आवडतं तेच कळेना, म्हणून तो एकेक पदार्थ चाखून थुंकतो आणि शेवटी फिश फिंगर कस्टर्डमध्ये बुडवून मिटक्या मारत खातो. आम्ही शाकाहारी. दुसऱ्या दिवशी ही बया थालीपीठ कस्टर्डमध्ये बुडवताना सापडली. म्हटलं, झालं, स्वीकारला.

ठाण्याचा काका

बदललेला परवडला हो, वाट बघायला लावू नका. 'तारक मेहता'मध्ये टप्पू दोनदा बदलला, अंजली बदलली, स्वतः तारक मेहता बदलले, घेतलं चालवून. पण दिशा वकानी 2017 मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि दया अहमदाबादला ती गेलीच. येणार, येणार, स्वागताची तयारी, आणि दार उघडलं की दुसरंच कुणी. त्या साली बालवाडीत गेलेली माझी नात आता माझ्या खांद्याला लागली. जेठालालपेक्षा मीच जास्त थकलो.

मिरजेहून

थोडं वेगळं लिहिते. 'ठरलं तर मग'मधली पूर्णा आजी म्हणजे ज्योती चांदेकर. ऑगस्ट 2025 मध्ये त्या गेल्या. आमची आजी रोज बघायची, तिला कसं सांगायचं हा प्रश्न होता. तिने पेपरात वाचलं, घडी घालून ठेवला, बोलली नाही. पुढे रोहिणी हट्टंगडी आल्या. एवढी मोठी बाई, नाव ठेवायला जागा नाही. आजी मन लावून बघते, मधे बोलत नाही. पण आम्ही "पूर्णा आजी आल्या" म्हटलं की सावकाश दुरुस्त करते, "रोहिणीबाई आल्यात. त्यांच्या जागी."

कढीपत्ता

आईला सगळं वाचून दाखवलं. बानूबाईला डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मिरजेच्या आजींचं ऐकून मात्र गप्प झाली. मग उठता उठता म्हणाली, "मी मुक्ताला लवकर मुक्ता म्हटलं का रे?"