मदत हवी आहे: टाइप करता करता फोकस भलत्याच विंडोत जातो

अर्धविराम
वैताग आलाय. टर्मिनलमध्ये टाइप करत असताना मध्येच अलर्टची खिडकी उघडते आणि पुढची अक्षरं तिच्यात जातात. त्यात एंटर दाबला गेला की अलर्ट 'ओके' होऊन गायब, आत काय लिहिलं होतं ते वाचायलाही मिळत नाही. फोकस_फॉलोज_माउस (माउस जाईल तिथे फोकस नेणारं सेटिंग) नो केलंय. फरक शून्य. उपाय सांगा. 'लिनक्स सोडा' हा उपाय नाही.

शेंगदाणा
विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम) कुठला? पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा एक्स११ की वेलँड? अलर्ट कुठल्या प्रोग्रॅमचा? मॉनिटर किती? त्या ओळीवरून आय३ किंवा स्वे वाटतंय, पण या बाबतीत दोघांचे डिफॉल्ट वेगळे आहेत. अंदाजपंचे सांगण्यात अर्थ नाही.

पेठेतला_पेंग्विन
केडीईवर (दुसरं डेस्कटॉप) या. सिस्टिम सेटिंग्जमध्ये विंडो बिहेवियर, तिथे फोकस स्टीलिंग प्रिव्हेन्शन. नन, लो, मीडियम, हाय, एक्स्ट्रीम असे पाच टप्पे आहेत. मूळचा लो असतो, तो हाय करा. विषय संपला.

शेंगदाणा
@पेंग्विन, नळ गळतोय म्हणून घर बदलायला सांगताय.

अर्धविराम
आय३ हो, दुसरं काय. एक्स११, दोन मॉनिटर. अलर्ट ऑफिसच्या तिकिटांच्या अ‍ॅपचा, जावामध्ये लिहिलेलं आहे. नो_फोकस [टायटल="अलर्ट"] हेही टाकून झालं, चालत नाही. आय३ मध्ये बग आहे का?

जुनाट_कीबोर्ड
जावा म्हणालात ना? मग डब्ल्यूएमनेम एलजी३डी (विंडो मॅनेजरचं नाव वेगळं भासवणारी कमांड) चालवा. किंवा _जावा_एडब्ल्यूटी_डब्ल्यूएम_नॉनरिपेरेंटिंग=१ हे एन्व्हायर्नमेंटमध्ये टाका. जावाची सगळी दुखणी याने जातात.

पारंबी
@जुनाट_कीबोर्ड, ते दुखणं वेगळं. जे विंडो मॅनेजर खिडकीला स्वतःची चौकट घालत नाहीत, उदा. डीडब्ल्यूएम, तिथे जावाची खिडकी नुसती राखाडी, रिकामी दिसते. त्यावरचा तो उतारा. आय३ चौकट घालतो, आणि इथे खिडकी व्यवस्थित दिसतेय. फोकसशी संबंध नाही.

@अर्धविराम, बग नाही. फोकस_फॉलोज_माउसचा संबंध फक्त पॉइंटर हलण्याशी आहे. न विचारता फोकस जाण्याच्या वाटा दोन:

१) नवी खिडकी उघडली की आय३ तिला आपणहून फोकस देतो. हे थांबवतो नो_फोकस.

२) आधीच उघडी असलेली खिडकी 'मला पुढे आणा' अशी विनंती करते (_नेट_अ‍ॅक्टिव्ह_विंडो). हे ठरवतो फोकस_ऑन_विंडो_अ‍ॅक्टिव्हेशन. आय३ मध्ये तो मूळचा 'स्मार्ट' असतो, म्हणजे खिडकी दिसत असलेल्या वर्कस्पेसवर (खिडक्यांच्या आभासी पडद्यावर) असेल तर फोकस, नाहीतर नुसतं अर्जंट (लक्ष वेधणारी लाल खूण). दोन मॉनिटर म्हणजे कायम दोन वर्कस्पेस दिसत असणार, त्यामुळे स्मार्ट बहुतेक वेळा 'हो' म्हणतो. तुमचं नेमकं दुखणं हेही असू शकतं.

आणि नो_फोकस फक्त खिडकी उघडते त्या क्षणी तपासलं जातं. टायटल नंतर भरलं गेलं तर तुमची ओळ जुळणारच नाही. एका टर्मिनलमध्ये हे चालू ठेवा:

आय३-एमएसजी -टी सबस्क्राइब -एम '["विंडो"]'

अलर्ट येऊ द्या आणि घटनांचा क्रम इथे टाका. (इथे देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात सगळं रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत. चौकोनी कंसातली जुळणी अक्षराच्या लहान-मोठेपणासकट होते, तेही बघा.)

मोगरा_०७
अवांतर: आयबसवर (टाइप करायची भाषा बदलणारा प्रोग्रॅम) मराठी टाइप करताना दुसऱ्या विंडोत गेलं की भाषाही बदलते. ते कसं थांबवायचं?

शेंगदाणा
@मोगरा_०७, आयबस-सेटअप, अ‍ॅडव्हान्स्ड टॅब, सगळ्या अ‍ॅप्लिकेशन्सना एकच इनपुट मेथड वापरायचा चौकोन टिक करा. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा.

अर्धविराम
क्रम: न्यू (नाव रिकामं), मग फोकस, मग टायटल. इन्स्टन्समध्ये (खिडकीचं अंतर्गत नाव) सन-एडब्ल्यूटी-एक्स११-एक्सडायलॉगपीअर असं काहीतरी लांबलचक आहे. कधीकधी न्यू न येताच थेट फोकस येतो.

पारंबी
म्हणजे दोन्ही वाटा चालू आहेत. टायटलची ओळ काढा, इन्स्टन्स हुबेहूब उचलून या दोन ओळी टाका:

नो_फोकस [इन्स्टन्स="^सन-एडब्ल्यूटी-एक्स११-एक्सडायलॉगपीअर$"]
फोकस_ऑन_विंडो_अ‍ॅक्टिव्हेशन अर्जंट

आय३ -सी (मोठा सी) ने फाइल तपासा, मग मॉड+शिफ्ट+सी (मॉड म्हणजे आय३ ची मुख्य कळ) दाबून फाइल पुन्हा लोड करा. एक्सप्रॉप या कमांडने इन्स्टन्स बघणार असाल तर डब्ल्यूएम_क्लासमधलं पहिलं नाव इन्स्टन्स, दुसरं क्लास (अ‍ॅपचं नाव). निम्मे लोक इथे उलटं करतात. हे इन्स्टन्स जावाच्या प्रत्येक डायलॉगला असतं, म्हणून दुसरं जावा अ‍ॅप वापरत असाल तर क्लासही जोडा.

पेठेतला_पेंग्विन
अर्जंट कशाला, 'नन' करा. लाल पट्टी तरी दिसणार नाही.

पारंबी
नन केलं तर विनंती मुकाट गिळली जाते. तिकिटाचा अलर्ट आहे, दिसायला हवा की नको?

अर्धविराम
चाललं. पण आता टर्मिनलमधल्या लिंकवर क्लिक केलं की शेजारच्या मॉनिटरवरचा ब्राउझर फोकस घेत नाही. आधी घ्यायचा.

पारंबी
घेणार नाहीच. हा पर्याय सगळ्यांना सरसकट लागतो, एका अ‍ॅपपुरता ठेवता येत नाही. एक कळ बांधून ठेवा:

बाइंडसिम $मॉड+यू [अर्जंट=लेटेस्ट] फोकस

लिंकवर क्लिक केलं की मॉड+यू. अलर्टलाही हीच कळ, पण तेव्हा तुम्ही ठरवून जाता. खिडक्यांना कमांडने हुकूम देणाऱ्या एक्सडूटूलच्या विंडोअ‍ॅक्टिव्हेटवर याचा परिणाम नाही. ते स्वतःला पेजर (वापरणाऱ्याच्या वतीने खिडकी बदलणारा प्रोग्रॅम) म्हणवून विनंती पाठवतं आणि आय३ पेजरचं नेहमी ऐकतो.

शेंगदाणा
अ‍ॅप ऑफिसचंच आहे तर मूळ तिथे उपटा. डायलॉग दाखवण्याआधी सेटऑटोरिक्वेस्टफोकस(फॉल्स), जावा ७ पासून आहे. आणि 'ओके' हे डिफॉल्ट बटण ठेवू नका म्हणावं. निम्मा त्रास त्या एंटरचा आहे.

अर्धविराम
डेव्हलपर ऐकतील तेव्हा ऐकतील. एक राहिलं: रिकाम्या वर्कस्पेसवर अलर्ट उघडला तर अजूनही फोकस घेतोय.

पारंबी
वर्कस्पेसवरच्या पहिल्या खिडकीला नो_फोकस लागू होत नाही, मुद्दाम तसं केलंय. तिथे टाइप करण्यासारखं दुसरं काही नसतंच.