मार्गारेट कोर्टचे 24 आणि उरुग्वेचे चार तारे: माप एकच लावा

उलटी_सर्व्हिस

2023 च्या अमेरिकन ओपनमध्ये जोकोविचने 24 वं ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एकीचं विजेतेपद) जिंकून जुन्या काळच्या ऑस्ट्रेलियन खेळाडू मार्गारेट कोर्टला गाठलं आणि सगळीकडे एकच सूर लागला. कोर्टबाईंचे 24 कसले धरताय, त्यातली 11 ऑस्ट्रेलियातली, तेव्हा तिकडे जायचंच कोण! बरं, मान्य. प्रवास लांबचा आणि महागडा, हौशी खेळाडूंना बक्षिसाची रक्कम नाही, त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या कित्येक जणी तिकडे फिरकतच नसत.

पण हीच मंडळी फुटबॉलवर आली की उरुग्वेच्या आकाशी शर्टावरचे चार तारे (एक तारा म्हणजे एक जगज्जेतेपद) बघून गहिवरतात. वर्ल्ड कप दोनच, 1930 आणि 1950. उरलेले तारे 1924 आणि 1928 च्या ऑलिंपिकचे. 1930 ला एकूण 13 संघ, युरोपातून फक्त फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया, युगोस्लाव्हिया. इटली, स्पेन, जर्मनी, ऑस्ट्रिया गैरहजर. इंग्लंड तर फिफातच नव्हतं. आणि 1950 ला उरुग्वेच्या गटात फक्त बोलिव्हिया! एक सामना 8-0 ने जिंकला की थेट अंतिम गटात (त्या वेळी अंतिम सामना नव्हता, चार संघांच्या गटात किताब ठरला).

विजेतेपदाचं वजन समोर कोण उभं होतं यावर ठरतं. कोर्टला कात्री लावायची तर उरुग्वेलाही लावा.

कोपऱ्यातून_गोल

अहो, अर्धंच सांगताय. 1950 च्या अंतिम गटात ब्राझीलने स्वीडनला 7-1 आणि स्पेनला 6-1 असं धुतलं होतं. शेवटच्या सामन्यात त्यांना नुसती बरोबरी पुरत होती. रिओचं माराकाना स्टेडियम खचाखच भरलेलं, ब्राझीलच्या फ्रियासाने गोल करून आघाडीही घेतली होती. तिथून उरुग्वेच्या शियाफिनो आणि घिजिया यांनी 2-1 केलं. बोलिव्हियाचे आठ गोल मोजायचे आणि हे दोन सोडून द्यायचे?

1924 ची गोष्ट तर उलटीच आहे. कोर्टबाई घरी बसून पाहुण्यांची वाट बघत होत्या, उरुग्वे समुद्र ओलांडून पॅरिसला गेलं होतं. 22 संघ होते. युगोस्लाव्हियाला 7-0, यजमान फ्रान्सला 5-1, अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडला 3-0. तेव्हा वर्ल्ड कप नावाचं काही नव्हतंच, जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा तीच. 1928 ला अ‍ॅम्स्टरडॅममध्ये अर्जेंटिनाशी 1-1, मग पुन्हा खेळवलेला सामना 2-1.

आणि 1930 ला युरोपवाले आले नाहीत यात उरुग्वेचा काय दोष? प्रवासखर्च देऊ केला होता त्यांनी. बोटीने जाऊन-येऊन दोनेक महिने मोडायचे, म्हणून बाकीच्यांनी अंग काढून घेतलं.

गवताचे_कोर्ट

‘घरी बसून’ हे जरा जपून. कोर्टची 13 विजेतेपदं ऑस्ट्रेलियाबाहेरची आहेत: फ्रेंच 5, अमेरिकन 5, विम्बल्डन 3. नुसत्या 13 वरसुद्धा ती बोर्ग आणि लेव्हर या पुरुषांतल्या दिग्गजांच्या (दोघांची 11-11) पुढे राहते. ऑस्ट्रेलियातही समोर सगळ्या कच्च्याच होत्या असं नाही. 1965 ला अंतिम सामन्यात मारिया ब्युनो होती, 1969 ला बिली जीन किंग, दोघीही त्या काळच्या अव्वल खेळाडू.

1970 चा विम्बल्डन अंतिम सामना बघा. टायब्रेक (6-6 नंतर सेट झटपट संपवणारा निर्णायक गेम) नाही. कोर्टचा घोटा दुखावलेला, किंगचा गुडघा. 14-12, 11-9. दोन सेटमध्ये 46 गेम! त्याच वर्षी चारही स्पर्धा तिने जिंकल्या. ती नंतर समलिंगी विवाहाविरुद्ध काय बोलली, तिची मतं काय, हा वेगळा विषय. तो राग लोक तिच्या आकड्यांवर काढतात असं मला स्पष्ट वाटतं.

निव्वळ_आकडेमोड

जोकोविचची 24 पैकी 10 ऑस्ट्रेलियातलीच आहेत, त्यांचं काय करता? :)

उलटी_सर्व्हिस

@निव्वळ_आकडेमोड, जोकोविचच्या काळात सगळे तिथे हजर असतात हो. बोर्ग अख्ख्या कारकिर्दीत ऑस्ट्रेलियन स्पर्धा एकदाच खेळला, 1974 ला. म्हणूनच नुसती बेरीज फसवते.

@गवताचे_कोर्ट, माझा रोख कोर्टवर नाहीच. उत्तम उदाहरण लेव्हरचं आहे. 1962 ला त्याने चारही स्पर्धा जिंकल्या, पण तेव्हा व्यावसायिक खेळाडूंना या स्पर्धांची दारं बंद होती. पुढच्या वर्षी तो व्यावसायिक झाला आणि सुरुवातीला रोझवॉल आणि होड या व्यावसायिकांकडून सपाटून मार खाल्ला. म्हणजे 62 चा ‘जगज्जेता’ जगातला सर्वोत्तम नव्हता! 1968 ला दारं उघडली, 1969 ला त्याने पुन्हा चारही जिंकल्या, या वेळी सगळ्यांना हरवून. माणूस तोच, स्पर्धा त्याच. या दोन वर्षांना समान गुण देणार?

त्याही मागे जा. विम्बल्डनमध्ये 1921 पर्यंत गतविजेता थेट अंतिम सामन्यात. विल्यम रेनशॉने 1882 ते 1886 अशी पाच वर्षं दरवर्षी एकच सामना खेळून किताब राखला. आयत्या बिळावर नागोबा!

कोपऱ्यातून_गोल

मग कात्री थांबवणार कुठे? 1934 ला इटली जिंकली, पण गतविजेता उरुग्वे रुसून आलाच नाही. 1966 ला इंग्लंड जिंकलं, पण आफ्रिकेच्या देशांनी बहिष्कार टाकला होता, कारण आफ्रिका, आशिया आणि ओशनिया मिळून एकच जागा. गंमत म्हणजे त्या स्पर्धेत सर्वाधिक नऊ गोल करणारा युसेबियो मोझांबिकमध्ये जन्मलेला, खेळला पोर्तुगालकडून. 1973 च्या विम्बल्डनवर युगोस्लाव्ह खेळाडू पिलिचवरच्या बंदीवरून 81 पुरुष खेळाडूंनी पाणी सोडलं, यान कोडेश जिंकला. त्याचं नाव खोडणार? 1968 च्या युरोपियन स्पर्धेत उपांत्य सामना बरोबरीत सुटला आणि इटली चक्क नाणेफेकीवर सोव्हिएत संघाच्या पुढे गेली. त्यांचा करंडक अर्धाच धरायचा?

जे आले त्यांच्याशी खेळायचं आणि जिंकायचं, खेळाडूच्या हातात एवढंच असतं.

उलटी_सर्व्हिस

खोडा असं कोणी म्हटलं? कोडेश विजेताच आहे, कायम राहील. पण विजेता कोण आणि सर्वांत थोर कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यासाठी तुम्ही बेरीज करायला बसलात की रक्कम तपासावी लागते. 1924 च्या पॅरिसमध्येही ब्रिटनचे संघ नव्हतेच, हौशी कोणाला म्हणायचं या भांडणात बाहेर राहिले होते.

गवताचे_कोर्ट

एक भर. 1930 च्या अंतिम सामन्यात चेंडू कोणाचा यावर एकमत होईना, म्हणून पहिला अर्धा खेळ अर्जेंटिनाच्या चेंडूने, दुसरा उरुग्वेच्या. मध्यंतराला अर्जेंटिना 2-1 पुढे, शेवटी उरुग्वे 4-2. चौथा गोल एक्तोर कास्त्रोचा, ज्याचा एक हात किशोरवयातल्या अपघातात कोपराखाली गेला होता.

निव्वळ_आकडेमोड

म्हणजे चेंडूगणिक कात्री लावली तर अर्ध्या वर्ल्ड कपचा विजेता अर्जेंटिना. उलटी_सर्व्हिस, घ्या, त्यांच्या शर्टावर साडेतीन तारे शिवा.

उलटी_सर्व्हिस

हसा. उरुग्वेचे ऑलिंपिकचे दोन तारे मात्र मी मोजणार नाही.