महिला फुटबॉल: भारताच्या कोचची खुर्ची एवढी गरम का? आणि मेमॉल रॉकींबद्दल कोणी बोलत का नाही?

नेरूळचा_गोली
मंडळी, जुलै २०२५ मध्ये चिआंग माईला आपल्या मुलींनी थायलंडला २-१ हरवलं ते पाहिलं का कोणी? दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि पात्रता फेरी खेळून, जिंकून आशिया कपला जायची ही आपली पहिलीच वेळ. कोच क्रिस्पिन छेत्री. खरं सांगायचं तर २०२५ च्या आधी मी या माणसाचं नावही ऐकलं नव्हतं, मग जरा मागे जाऊन शोधत बसलो तर डोकंच फिरलं. २०२१ च्या जुलैपर्यंत मेमॉल रॉकी, मग स्वीडनचे थॉमस डेनरबी, मग चाओबा देवी, मग आपल्या मुंबईचे संतोष कश्यप, मग थोडे दिवस अलेक्झांडरसन, आणि २०२५ मध्ये छेत्री. चार वर्षांत सहा नावं! आयपीएलमध्ये पण एवढं बदलत नाहीत राव.

तर प्रश्न दोन. एक, ही नोकरी करिअर म्हणून नक्की आहे तरी काय? आणि दोन, मेमॉल मॅडम गोव्याच्या, २०१७ पासून सलग टिकल्या, तरी त्यांच्याबद्दल मराठीत दोन ओळी सापडत नाहीत. जे सापडतं ते "युरोपच्या टीमांकडून धुलाई" एवढंच. त्या खरंच एवढ्या वाईट कोच होत्या का?

म्हापशेकर
वाईट?? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, जरा मोठं होईल.

मेमॉल रॉकी स्वतः भारताकडून खेळलेल्या. गोव्यात मुलींच्या फुटबॉलला जुनी परंपरा आहे, योलांडा डिसोझा वगैरे मंडळी सत्तर-ऐंशीच्या दशकात भारताकडून खेळली, त्या काळात भारत महिला आशिया कपमध्ये दोनदा उपविजेता होता हे आज सांगितलं तर लोक हसतात. असो.

आता रेकॉर्ड बघा. नोव्हेंबर २०१८, म्यानमार, ऑलिंपिक पात्रतेची पहिली फेरी. बांगलादेशला ७-१, नेपाळशी १-१, म्यानमारकडून १-२ हार, आणि तरीही पुढच्या फेरीत. याआधी भारत तिथे कधीच पोचला नव्हता. मार्च २०१९ ला बिराटनगरमध्ये सॅफ (दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा), फायनलला नेपाळला त्यांच्याच घरात ३-१, लागोपाठ पाचवं विजेतेपद. डिसेंबरमध्ये पोखऱ्यात साऊथ एशियन गेम्सचं गोल्ड, फायनल परत नेपाळशीच, २-०, दोन्ही गोल बाला देवीचे.

पण मला लक्षात आहे ती या दोन्हींच्या मधली एप्रिल २०१९ ची म्यानमारमधल्या मंडालेची मॅच. ऑलिंपिक पात्रतेची दुसरी फेरी. इंडोनेशियाला २-० हरवलं, नेपाळला ३-१, शेवटची मॅच म्यानमारशी आणि तिथे जिंकणं भाग होतं, कारण गोल फरकात ते पुढे. आपण ३-२ ने पुढे होतो! मग तिसरा खाल्ला, ३-३, दोघांचे सात-सात पॉइंट आणि आपण घरी. त्यांच्या विन थेइंगी टुनने एकटीने तिन्ही मारले. एक डिफेंडर एकदा नीट उभी राहिली असती तर आज मेमॉल मॅडमचं नाव वेगळ्या पद्धतीने घेतलं असतं लोकांनी. मी अजून वैतागतो त्या तिसऱ्या गोलवर.

ऑफसाइड_आबा
म्हापशेकर, सॅफ जिंकणं म्हणजे काय मोठं हो, तेव्हा सॅफ आपणच जिंकायचो, कोच कोणी का असेना. २०२१ मध्ये तुर्कस्तानात युरोपियन टीम समोर आल्या तेव्हा लाज गेली ते पण लिहा की.

म्हापशेकर
लिहितो की. कोविडमध्ये वर्षभर मॅच नाही, लीग नाही, आणि पहिल्याच मॅच थेट सर्बिया, रशिया, युक्रेनशी. जगातला कुठलाही कोच आणा, तेच झालं असतं. आणि "कोणी का असेना" म्हणताय, तर २०२२ च्या सॅफला आपण बांगलादेशकडून ३-० हरलो आणि सेमीला नेपाळकडून. पहिल्यांदाच कप हातातून गेला.

पाम_बीच
डेनरबींबद्दल मी लिहिते, कारण लोक त्यांनाही उगाच शिव्या देतात. स्वीडनला २०११ च्या वर्ल्ड कपला तिसरं आणलेला माणूस, मग नायजेरियाला आफ्रिकेचा कप जिंकून दिला, म्हणजे कुठूनतरी उचलून आणलेला नव्हता. त्यांच्याच काळात नोव्हेंबर २०२१ ला मनौसमध्ये ब्राझीलशी खेळलो, त्यांच्या जुन्या खेळाडू फॉर्मिगाची निरोपाची मॅच, हरलो ६-१ पण मनीषा कल्याणने ब्राझीलला गोल मारला, ब्राझीलला!

आणि मग जानेवारी २०२२, आशिया कप आपल्याकडे, मुंबई, नवी मुंबई, पुणे. डी. वाय. पाटीलला इराणशी ०-०, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं आणि मी टीव्हीवर बघत होते. तीन दिवसांनी चायनीज तैपेईशी मॅच आणि टीममध्ये कोविड असा पसरला की १३ खेळाडू पण उभे करता येईनात. नियमाप्रमाणे माघार घेतल्याचं धरलं, इराणची मॅचसुद्धा रद्दबातल. म्हणजे यजमान भारत, आणि कागदावर एकही मॅच खेळलेला नाही. यात कोचने काय करायचं होतं? वर त्याच वर्षी अंडर १७ वर्ल्ड कपची टीम पण त्यांच्याच गळ्यात.

तालमीतली_ताई
पहिल्या प्रश्नावर मी बोलते, कोल्हापूरची आहे, शाळेत पीटी शिकवते, कोचिंगचं डी लायसन्स झालंय. डी, मग सी, बी, ए, मग प्रो अशी शिडी आहे, प्रत्येक पायरीला फी, रजा, प्रवास आणि मधे मधे टीम हातात असल्याचा अनुभव दाखवायचा. आता मुलींच्या किती टीम आहेत सांगा मला? इंडियन विमेन्स लीग सुरुवातीची कित्येक वर्षं काही आठवड्यांत उरकायची, होम-अवे (एक मॅच आपल्या मैदानावर, एक त्यांच्या) पद्धत आली तीच २०२३-२४ मध्ये. छेत्री सर त्याच वर्षी ओडिशा एफसीला लीग जिंकून देऊन वर आले. म्हणजे क्लबमध्ये पूर्ण सीझन मिळाला तर कोच तयार होतो. मेमॉल मॅडमच्या वेळी मुली कॅम्पलाच फिट करायच्या, कॅम्पलाच शिकवायच्या, आणि मॅचला पण जायचं.

आमच्या गडहिंग्लज तालुक्यातली अंजू तुरंबेकर ए लायसन्सपर्यंत गेली, भारताच्या फुटबॉल फेडरेशनमध्ये ग्रासरूटचं, म्हणजे लहान मुलांच्या फुटबॉलचं काम बघितलं. तिचं नाव सांगितलं की इथल्या पोरींचे आईबाप जरा ऐकून तरी घेतात, नाहीतर "फुटबॉल शिकवून पोट भरतं का" हे ठरलेलं.

नेरूळचा_गोली
ताई, हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे कोच बदलतात कारण मॅच कमी, आणि एखादी स्पर्धा गेली की पुढची येईपर्यंत त्याच हारीवरून माणूस मोजला जातो, असंच ना?

तालमीतली_ताई
बरंचसं तसंच. मेमॉल मॅडमनी राजीनामा दिला तो वैयक्तिक कारणाने, ते वेगळं. पण बाकीच्यांना किती मॅच मिळाल्या ते मोजून बघा.

ऑफसाइड_आबा
सगळं खरं, पण मला विचाराल तर परत बाहेरचाच कोच आणा. आपल्या लोकांनी युरोपच्या टीमला कधी हरवलंय का?

म्हापशेकर
आबा, फेब्रुवारी २०२४, तुर्कस्तानातलं अलान्या, भारत ४ एस्टोनिया ३. सीनियर महिला टीमने युरोपियन देशाला हरवल्याची पहिलीच वेळ, त्या स्पर्धेत आपण दुसरे आलो. कोच मणिपूरच्या चाओबा देवी. ऑक्टोबरला काठमांडूत सॅफ होती, नेपाळशी ती सेमीफायनल, मधे तासभर थांबलेली, पेनल्टीवर हरलो ती. तोपर्यंत डगआउटमध्ये कोच म्हणून कश्यप सर आले होते.

ऑफसाइड_आबा
आठ महिन्यांत?

म्हापशेकर
आठ महिन्यांत.