मेहुणपुऱ्यातील पुरापूर्वीची बिऱ्हाडे कोणाला आठवतात?

प्रश्न (नदीकाठची नात)

माझे आजी-आजोबा पानशेत धरण फुटून आलेल्या पुरापर्यंत, म्हणजे १२ जुलै १९६१ पर्यंत, पुण्याच्या शनिवार पेठेत, मेहुणपुऱ्यातून नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात भाड्याने राहत होते. त्या दिवशी वाडा पडला आणि बोळातील पुष्कळ कुटुंबे पुन्हा तेथे परतली नाहीत. मी मिळकत पत्रिका काढून पाहिली. तीत मालक आणि त्यांचे वारस नोंदलेले आहेत, परंतु दोन-दोन खोल्यांत संसार करणाऱ्या बिऱ्हाडांचा मागमूसही नाही. बोळ ज्यांच्यामुळे नांदता होता त्यांचीच नोंद नसावी, हे मला फार लागते. त्या काळी तेथे राहिलेल्यांनी, किंवा ज्यांच्या घरी त्या आठवणी निघत, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १ (जुना शनिवारकर)

मी त्या वेळी शाळकरी होतो. आमच्या वाड्यात शाळामास्तर होते, छापखान्यात खिळे (अक्षरांचे टाइप) जुळवणारे होते, एक भिक्षुक होते आणि शिवणकामावर मुलांना वाढवणाऱ्या एक बाई होत्या, ज्यांच्याकडे स्वतःच्या ओढगस्तीतही एक विद्यार्थी वाराने, म्हणजे आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, जेवत असे. मागील दारी हौद होता. सकाळी त्याच्याभोवती बायकांची वर्दळ असे आणि साऱ्या वाड्याच्या बातम्या तेथेच कळत.

तो बुधवार होता. धरण फुटल्याची बातमी सकाळीच पेठेत पसरली आणि पाणी चढू लागताच आम्ही हाती लागेल ते घेऊन पर्वतीच्या बाजूला निघालो. हे सारे दिवसा घडले म्हणूनच आमच्यासारखी असंख्य माणसे वाचली. पाणी ओसरल्यावरही वाडे पडत राहिले, कारण खाली दगडी जोते असले तरी वरच्या भिंती मातीत रचलेल्या होत्या; त्या भिजून फुगल्या आणि लाकडी सांगाड्यातून सुटून ढासळल्या. जवळचे ओंकारेश्वराचे दगडी देऊळ मात्र टिकले. खडकवासल्याचे धरणही फुटल्यामुळे नळाला पाणी नव्हते, तेव्हा जुने आड आणि हौद साफ करून लोकांनी दिवस काढले. चिखलाचा तो वास मला अजून आठवतो.

उत्तर २ (लोकमान्यनगर)

आपण बोळातील माणसे पेठेत शोधत असाल, तर ती तेथे क्वचितच सापडतील. लोकमान्यनगर, गोखलेनगर आणि सहकारनगर येथे पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. काहींनी आधी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये दिवस काढले. माझ्या आईचे सारे बालपण शनिवारात गेले होते. नव्या घरी स्वतंत्र नळ आणि संडास मिळाला याचा तिला मनापासून आनंद होता, पण हाक मारल्याबरोबर ओ देणारी शेजारीण गेली याचे दुःखही तिने कधी लपवले नाही. या वसाहतींतील ज्येष्ठांना भेटा. पूर्वीचा पत्ता विचारला की ते वाड्याच्या नावाने उत्तर देतात, आणि त्यावरून शेजाऱ्यांची नावे निघतात.

उत्तर ३ (दप्तरी)

एक दुरुस्ती सुचवतो. सर्वच भाडेकरू पुरामुळे गेले असे धरू नये. ज्यांचे वाडे पुरात टिकले ती कुटुंबे पुढेही तेथे होती आणि नंतर वाडे पाडून इमारती झाल्या तेव्हा पांगली. म्हणून १९५७ आणि १९६२ च्या निवडणुकांच्या मतदार याद्या मिळाल्यास शेजारी ठेवून वाचाव्यात. घरक्रमांकानुसार नावे लावली की कोण राहिले आणि कोण गेले याचा अंदाज येतो. मुलांसाठी शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे, कारण त्यात पालकाचे नाव असते आणि दाखला नेल्याची तारीखही असते. गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या वर्गणीच्या वह्या टिकून राहिल्या असतील, तर त्यांसारखे साधन नाही, कारण वर्गणी गोळा करणारा मालक आणि भाडेकरू असा भेद करत नसे.

नदीकाठची नात

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिवणकाम करणाऱ्या बाईंविषयी माझी आजीही बोलत असे, त्यामुळे जुन्या शनिवारकरांचा वाडा आणि आमचा वाडा एकच असण्याची शक्यता आहे. तो ओंकारेश्वराच्या किती जवळ होता आणि हौदाला पाणी कोठून येई, हे त्यांनी कळवावे. येत्या आठवड्यात मी शाळेकडे रजिस्टरासाठी अर्ज करते आणि लोकमान्यनगरात ज्येष्ठांना भेटते. जी नावे मिळतील ती कुटुंबीयांची संमती घेऊन वाड्यांनुसार येथेच लिहीन.